नाल्याकाठची घोळ

माझी दहावीची परीक्षा संपली आणि त्याच आठवड्यात आत्या गावाहून आमच्याकडे राहायला आली. ती बाबांची थोरली बहीण. तिचे यजमान, म्हणजे आमचे काका, वर्षभरापूर्वी गेले होते, मूलबाळ नव्हतं, आणि एकटीने गावच्या घरात पावसाळा काढणं तिला आता जमणार नाही असं बाबांनी ठरवलं होतं. तिने ठरवलं नव्हतं. ती आली ती पाहुणीसारखी, एक पिशवी आणि एक छत्री घेऊन, आणि पहिले काही दिवस आमच्या दोन खोल्यांत कुठे बसावं हेही तिला कळत नव्हतं. आई पोळ्या करायची तर ती उठायची, आई "बसा हो आक्का" म्हणायची, की ती पुन्हा बसायची.

आमची चाळ मुलुंडला, आग्रा रोड ओलांडून डोंगराच्या बाजूला. आता तिथे उंच इमारती आहेत. तेव्हा चाळीमागून एक नाला जायचा. डोंगरावरून यायचा, दोन-तीन कंपन्यांच्या भिंतींना लागून वळायचा, मग आमच्या मागून खाडीकडे. उन्हाळ्यात त्यात पाणी असं नसायचंच. मधोमध एक धार आणि दोन्ही बाजूंना ओलसर माती. तबेल्याच्या म्हशी तिथे चरायला सोडलेल्या असायच्या.

आत्या आल्यावर चार-पाच दिवसांनी मी तिला डोंगराच्या पायथ्याशी फिरायला नेलं. घरात ती नुसती बसून असते हे मलाच बघवत नव्हतं. पायवाट चढायला लागलो आणि ती एकदम थांबली. कुडा फुलला होता. मी ते झाड जन्मापासून बघत आले होते, त्याला नाव आहे हे मला माहीत नव्हतं. आत्याने छत्रीच्या दांड्याने फांदी वाकवली आणि पदराची झोळी करून त्यात पांढरी फुलं खुडायला लागली.

"यांचं काय करणार?"

"भाजी. चण्याची डाळ घालून. तुझ्या बापाशीक विचार, लहानपणी ताट चाटायचो."

त्या संध्याकाळी बाबा कामावरून आले, पहिला घास घेतला आणि आत्याकडे बघून नुसते हसले. बाबांना तसं हसताना मी क्वचितच पाहिलं होतं.

त्यानंतर आत्या आमच्या घरात राहायला लागली असं म्हणायला हरकत नाही. रोज सकाळी ऊन चढायच्या आत ती आणि मी निघायचो. कच्ची करवंदं, लोणच्यासाठी भोकरं, कुठल्याशा पडीक आवारातल्या फणसाची कुयरी, म्हणजे भाजीचा कोवळा फणस. तिला डोंगर ओळखीचा वाटत होता. आमचा डोंगर आणि तिचा डोंगर यांत कुठेतरी नातं होतं आणि ते तिला सापडलं होतं. चाळीतल्या बायका दारात उभ्या राहून विचारायच्या, आज काय आणलंत? एक बाई रोज अळंबी मागायची. आत्या हसून सांगायची, "अळमी पावसात गो. आता खयं?"

आणि नाल्याकाठची घोळ. ती तिला चाळीच्या जरा वर, कंपन्यांच्या भिंती संपतात तिथे सापडली, डोंगरातून झिरपणाऱ्या पाण्याच्या एका डबक्याशी. जाड, मऊ, आंबूस पानांची भाजी, जमिनीवर पसरलेली. तिने मला ती ओळखायला शिकवलं. तिच्याच शेजारी तशीच दिसणारी दुसरी एक वेल असते, पानं जरा पातळ. "मोडून बघायची," आत्या म्हणाली, "दूध इला तर ती घोळ नाय, टाकून दी." मी मोडली. पांढरा थेंब आला. मी ती घाबरून लांब फेकली तेव्हा ती केवढी हसली.

आमच्या भिंतीला भिंत लागून काकूंचं बिऱ्हाड होतं. काकू, त्यांचा मुलगा आणि सून. सुनेला मी वहिनी म्हणायची. माझ्याहून सहा-सात वर्षांनीच मोठी असेल. माहेर गोरेगावचं, बोलायला फटकळ आणि झकास. तिला सहावा महिना चालू होता आणि आंबट दिसलं की ती वेडी व्हायची. घोळीची आंबटसर पातळ भाजी तिला इतकी आवडली की आत्याने डबकं गाठलं की पहिला वाटा तिचा. वहिनी गॅलरीतून ओरडायची, "आत्या, माझ्या बाळाला विसरू नका हां!" आत्या त्या मुलीत गुंतली होती. दुपारी दोघी जिन्याशी बसायच्या, आत्या तिच्या डोक्याला तेल घालायची, आणि गावच्या गोष्टी सांगायची ज्या तिने आम्हाला कधी सांगितल्या नाहीत.

त्या दिवशी मी आत्याबरोबर गेले नव्हते. मला टायपिंगच्या क्लासला घातलं होतं आणि बॅच सकाळची होती. आत्या एकटी गेली, घोळ घेऊन आली, निवडली, धुतली, शिजवली. अर्धी भाजी शेजारी गेली. आम्ही सगळे जेवलो. बाबांची दुसरी पाळी होती, म्हणून तेही घरून जेवून गेले.

संध्याकाळपर्यंत आमच्या घरात सगळ्यांना उलट्या सुरू झाल्या. आधी मला, मग आईला, मग आत्याला. बाबा पाळी अर्धी टाकून पोट धरून घरी आले. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, मीठ-साखरेचं पाणी प्यायला सांगितलं. शेजारून वहिनीचे ओकण्याचे आवाज येत होते. भिंत पातळ होती. थोड्या वेळाने ते आवाज थांबले आणि काकूंचा आवाज आला, "अरे रिक्षा बोलाव, रिक्षा!"

आम्ही सकाळपर्यंत सावरलो. वहिनी हॉस्पिटलमध्ये सलाईनवर होती. तिसऱ्या दिवशी तिचं बाळ गेलं.

बाबा आणि मी हॉस्पिटलमध्ये गेलो तेव्हा तिथले डॉक्टर काकूंच्या मुलाशी बोलत होते. भाजीत काही आलं असेल, भाजीवरचं पाणी खराब असेल, किंवा अंगात आधीच काही असेल, म्हणाले. आता कसं सांगणार? काकू मध्येच बोलल्या. त्यांची संकष्टी होती त्या दिवशी, मुलगा सकाळीच डबा घेऊन कामावर गेला होता; दोघांनी भाजीला हात लावला नव्हता आणि दोघांना काही झालं नव्हतं. म्हणजे भाजीच. डॉक्टर मान हलवून पुढच्या पेशंटकडे गेले. भाजीच हे ठरलं, पण भाजीत काय, ते कोण सांगणार?

घरी आलो तर आत्या नव्हती. ती चाळीच्या कोपऱ्यावर कचराकुंडीपाशी उभी होती. घोळीची निवडलेली देठं तिने तिथे टाकली होती आणि ती पुन्हा बघायची होती. म्युनिसिपालिटीची गाडी केव्हाच येऊन गेली होती. कुंडीच्या तळाला थोडी राख आणि आंब्याच्या साली होत्या. आत्या वाकून त्यात बघत होती. मी तिला हाताला धरून आणलं.

"चांगली निवडलंय मी," ती जिना चढताना म्हणाली. "एकेक काडी बघलंय."

"हो आत्या."

"माझे डोळे बरे आसत."

गेल्या आठवड्यात तिने सुईत दोरा ओवायला मला हाक मारली होती. तिलाही ते आठवलं असणार, कारण पुढच्या पायरीवर ती थांबली आणि कठडा धरून उभी राहिली.

काकूंनी आमच्याशी बोलणं बंद केलं. नळावर त्या एवढंच म्हणाल्या, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं, "रानातला पाला माणसांना खाऊ घालायचा!" ज्या बायका दारात उभ्या राहून आज काय आणलंत विचारायच्या, त्यांनी बादल्या भरल्या आणि त्या निघून गेल्या. त्यांचंही काय चुकलं? त्यांच्या घरातही मुलं होती.

त्या रविवारी बाबा हात धूत होते आणि आत्या मोरीच्या दारात उभी राहिली.

"तुमच्या कंपनीचा पाणी थंय येता मा?"

बाबा रंग बनवणाऱ्या एका कंपनीत फिटर होते. नाला ज्या भिंतींना लागून वळायचा त्यातली एक भिंत त्यांच्या कंपनीची. बाबांनी नळ बंद केला. टॉवेलला हात पुसले. परत पुसले.

"येता," ते म्हणाले. "पण रोज नाय. सोडतत कधीतरी. रात्रपाळीक."

"डबक्यात?"

"पाणी वाढला तर डबक्यातव जाता."

आई स्वयंपाक करायची थांबली. आत्या म्हणाली, "मग शेजारी सांग." बाबांनी शर्ट चढवला आणि ते गॅलरीत गेले. तिथे काकूंचा मुलगा कठड्याला टेकून उभा होता. तोही त्याच कंपनीत होता, बाबांनीच त्याला चिकटवला होता. म्हणजे पाण्याचं त्यालाही माहीत होतं. मी दारातून बघत होते. बाबा त्याच्या शेजारी जाऊन उभे राहिले. तोच आधी हळू म्हणाला, "काका, बोलून काय होणार? उद्या दोघंही बाहेर. आणि ती पोर परत येणार आहे का?" बाबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. तो हात त्याने झटकला नाही, पण धरलाही नाही.

बाबांवर मला तेव्हा राग आला होता. आता येत नाही. गिरण्या बंद पडून घरी बसलेली माणसं आमच्याच चाळीत होती, दुपारभर पत्ते खेळणारी, कोणाच्या नजरेला नजर न देणारी. बाबा रोज त्यांच्या समोरून डबा घेऊन कामावर जायचे.

आत्याला मात्र गप्प बसवेना. तिने एका काचेच्या बाटलीत डबक्याचं पाणी भरलं आणि मला म्हणाली, चल. म्युनिसिपालिटीच्या ऑफिसात आम्ही एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर गेलो. शेवटी ज्या साहेबांसमोर बसवलं ते वाईट माणूस नव्हते. त्यांनी बाटली उजेडाकडे धरून पाहिली. पाणी स्वच्छ दिसत होतं.

"आजी, हे पाणी तुम्ही कुठून भरलंत ते मला कसं कळणार?"

"चला, दाखवतंय."

"तसं नसतं ना. आमचा माणूस आला पाहिजे, त्याने भरलं पाहिजे. आणि कंपनीचं पाणी आमच्याकडे येतच नाही, ते खातं वेगळं."

"मग त्यांका सांगा."

साहेब माझ्याकडे बघायला लागले, जणू मी तिला समजावून सांगेन. मी काय समजावणार होते? मी पंधरा वर्षांची होते. आम्ही उठलो. जिन्यात शिपाई धावत मागे आला आणि म्हणाला, "ओ ताई, बाटली घेऊन जा, टेबलावर नको." आत्याने ती रस्ताभर छातीशी धरून आणली आणि चाळीखालच्या झाडाच्या बुंध्याशी ओतली. बाटली धुऊन तिने जागेवर ठेवली.

वहिनी हॉस्पिटलमधून आली होती, पण खोलीबाहेर पडत नव्हती. दुपारी आत्या जिन्याशी एकटीच बसायची आणि काकूंच्या दाराकडे पाठ करायची.

एक दिवस मी टायपिंगहून आले तर घरात आई नव्हती, बाजारात गेली होती. आत्या उंबऱ्यात भिंतीला टेकून बसली होती. समोर रिकामं ताट. स्टोव्हवर छोटं पातेलं. वास ओळखीचा होता.

"काय खाल्लंस?"

"घोळ."

"कुठली?"

"थंयचीच."

मी पातेल्याचं झाकण काढलं. तळाला थोडी भाजी उरली होती. मी तिच्यापुढे बसले, तिचे खांदे धरले, मिठाचं पाणी करून देते, ओकून टाक, म्हणून विनवण्या केल्या. तिने मान हलवली.

"काय होता ता बघूचा आसा माका."

"आणि झालं तर?"

"झाला तर बरा."

मला तेव्हा समजलं नाही. मग हळूहळू समजलं. तिला उलटी व्हायला हवी होती. उलटी झाली की पाण्याचा दोष, हातांचा नाही. या वेळी, हे तिनेच मग सांगितलं, तिने एकेक काडी मोडून, चष्मा लावलेल्या एका बाईला दाखवून निवडली होती. वाटेतली कोणीतरी अनोळखी बाई, तिला थांबवून.

आई आली. आईनेही हात जोडले. आत्या तिथेच बसून राहिली, पोटावर हात ठेवून. दुपार झाली. ऊन गॅलरीत आलं आणि तिच्या पायांवर चढलं. आम्ही दोघी तिच्याकडे बघत होतो आणि ती समोरच्या भिंतीकडे. तिच्या चेहऱ्यावर काही बदललं की आई उठायची. काही बदलायचं नाही. त्या दिवशी बाबांची पहिली पाळी होती. चार वाजता ते आले तरी आत्या तशीच. तिला काही झालं नव्हतं. भूक लागली होती उलट.

"माका काय एक जावक नाय," ती बाबांना म्हणाली. आणि रडायला लागली. काका गेले तेव्हाही ती तशी रडली नव्हती असं बाबा नंतर म्हणाले.

"आक्का, आज पाणी सोडला नसतला," बाबा तिच्यापुढे बसून सांगत होते. "त्या दिवशी सोडला आसतला. मी सांगतंय मा तुका."

"तू बघलंस?"

बाबांनी पाहिलं नव्हतं. त्या दिवसाच्या आदल्या रात्री पाणी सोडलं की नाही हे रात्रपाळीच्या माणसांना माहीत, आणि त्यांना विचारायचं म्हणजे कोणी विचारलं ते वर कळणार.

"मग हातच चुकले माझे," आत्या म्हणाली.

तेवढ्यात वहिनी दारात आली. पातळ भिंतीतून तिने सगळं ऐकलं होतं. मी तिला किती दिवसांनी बघत होते. गाऊनवर ओढणी, केस न विंचरलेले. ती आत आली आणि आत्याजवळ खाली बसली. आम्हाला वाटलं ती काहीतरी बोलेल, शिव्या देईल, माफ केलं म्हणेल, काहीही. तिने पातेल्याकडे बघितलं.

"राहिलीय ना थोडी? द्या मला."

कोणी हललं नाही.

"द्या ना आत्या. मला पण कळू दे."

तिचा आवाज अगदी साधा होता, जेवायला मागावं तसा. तिने हात पुढे केला. आत्या उठली, त्या वयात इतक्या चटकन उठताना मी तिला पाहिलं नव्हतं, आणि पातेलं उचलून तिने मोरीत उपडं केलं. वर बादलीभर पाणी ओतलं. आणखी एक बादली ओतली. वहिनी हात तसाच धरून बसली होती. मग काकू आल्या. त्यांनी वहिनीच्या काखेत हात घालून तिला उठवलं आणि नेलं. आत्या मोरीच्या कठड्यावर बसली. साडी गुडघ्यापर्यंत भिजली होती.

पाऊस लागायच्या आत आत्या गावी परत गेली. बाबांनी थांब म्हटलं नाही. ठाण्याहून एसटी होती, आम्ही तिला सोडायला गेलो. खिडकीशी बसून ती आईला सांगत होती की पोरीला कॉलेजात घाल, लवकर लग्न करू नको. शेजारचा विषय तिने काढला नाही. वहिनी त्या आधीच गोरेगावला माहेरी गेली होती, आणि ती परत आली तेव्हा माझं कॉलेज सुरू झालं होतं. तिला पुढे दोन मुलगे झाले. काकू आमच्याशी पुन्हा बोलायला लागल्या, गणपतीत प्रसाद द्यायला आल्या तेव्हापासून. त्या भाजीबद्दल कोणी कधी बोललं नाही, तेही नाही आणि आम्हीही नाही. बाबा आणि वहिनीचा नवरा रोज एकत्र कामावर जात राहिले.

कॉलेजच्या शेवटच्या वर्षानंतर मे महिन्यात मी एकटीच आत्याकडे गेले. घर शाबूत होतं, शेजारची मुलं तिच्या पडवीत अभ्यासाला बसायची. भाजी ती बाजारातून आणायची. वांगी, कोबी, बटाटे, शहरात मिळतं तेच. एका संध्याकाळी आम्ही बाजारातून परत येत होतो. शेजारची एक लहान मुलगी आमच्याबरोबर होती. वाटेच्या कडेला कसलंसं झुडूप होतं, त्याला बारीक लाल फळं लगडली होती. मुलीने आत्याचा पदर ओढला.

"आजी, ही खातत?"

आत्याने झुडपाकडे बघितलंही नाही.

"माका नाय ठावक," ती म्हणाली आणि मुलीचा हात घट्ट धरून पुढे चालायला लागली. मुलगी मागे वळून वळून बघत होती. मी पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि त्यांच्या मागून निघाले.